जागतिक भाव नावाची छत्री

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनींकडे गॅसच्या दोन रंगांच्या टाक्या असतात. दुकानात निळी, एकोणीस किलोची. मागच्या खोलीत घरच्या स्वयंपाकाला लाल, १४.२ किलोची. महिन्याची एक तारीख उजाडली की त्या आधी मोबाइलवर निळीचा भाव बघतात आणि मगच कणीक मळायला घेतात. कधी तीस-चाळीस रुपये चढलेले असतात, कधी उतरलेले. लाल टाकीचा भाव मात्र त्या बघत नाहीत. "त्याचं काय भावजी, निवडणूक आली की बघायचा," असं त्या एकदा म्हणाल्या आणि मी हसलो. पुढे एका रविवारी आकडे मांडून बसलो, तेव्हा त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे कळलं.

दोन्ही टाक्यांत गॅस एकच. एकाच जहाजातून उतरलेला, एकाच बॉटलिंग प्लांटमध्ये भरलेला. निळीवर जीएसटी १८ टक्के आणि लालवर ५ टक्के हा फरक समजू शकतो. पण निळी दर महिन्याला हलते आणि लाल वर्ष-वर्ष जागची हलत नाही. हलली की एकदम शंभर-दोनशेने हलते. आणि दोन्हींच्या मागे कारण म्हणून एकच शब्द उभा केला जातो: "जागतिक बाजारभाव".

हा जागतिक बाजारभाव म्हणजे पाऊसपाणी नव्हे. तो काही ठरावीक जागी, ठरावीक माणसं, ठरावीक पद्धतीने ठरवतात. ती पद्धत समजून घेतली तर दोन गोष्टी दिसतात. एक, आपण समजतो तितके आपण तिच्यापुढे हतबल नाही. दोन, आपल्याकडे तो शब्द छत्रीसारखा वापरला जातो: गरज पडली की उघडायची, एरवी काखोटीला मारायची.

मुळात एलपीजीसाठी म्हणून कोणी विहीर खोदत नाही. तेल किंवा नैसर्गिक वायू काढताना त्यासोबत प्रोपेन आणि ब्युटेन वर येतात, किंवा रिफायनरीत कच्चं तेल उकळताना सुटतात. दाब दिला की हे दोन्ही वायू द्रवरूप होतात, म्हणून टाकीत भरता येतात. एके काळी रिफायनऱ्या ते चिमणीच्या तोंडाशी जाळून टाकत. पन्नासच्या दशकात मुंबईतल्या रिफायनरीचा गॅस 'बर्शेन' नावाने घरोघरी जाऊ लागला, त्यामागे 'फुकट जाणारं विकावं' हाच साधा विचार होता. तर, हे जोडउत्पादन आहे. जोडउत्पादनाचा स्वभाव असा, की त्याचा भाव वाढला म्हणून पुरवठा वाढत नाही. आखाती देशांनी तेलाचं उत्पादन कमी करायचं ठरवलं की आपल्या स्वयंपाकघरातला गॅसही आपोआप आखडतो, आणि ठरवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही आपलं स्वयंपाकघर नसतं. उलट अमेरिकेत शेल खडक फोडून वायू काढायची लाट आली, तेव्हा प्रोपेन इतकं निघालं की साठवायचं कुठे हा प्रश्न पडला. गेल्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत प्रोपेन आयात करणारी अमेरिका आज एलपीजीची जगातली सर्वांत मोठी निर्यातदार आहे.

त्यामुळे आज या गॅसला जगात मुख्यतः दोन जन्मगावं आहेत आणि दोन्हीकडे भाव ठरवायची रीत अगदी वेगळी आहे.

पहिलं गाव रास तनुरा. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. सौदी अराम्को ही कंपनी महिनाअखेरीस दोन आकडे जाहीर करते, प्रोपेनचा एक आणि ब्युटेनचा एक. टनाला इतके डॉलर, रास तनुराच्या धक्क्यावर. पुढचा पूर्ण महिना हा भाव चालतो. याला 'कॉन्ट्रॅक्ट प्राइस' म्हणतात, धंद्यातली माणसं नुसतं 'सीपी'. ऑक्टोबर १९९४ पासून ही पद्धत चालू आहे. हा भाव बोली लावून ठरत नाही. अराम्को गिऱ्हाइकांचा अंदाज घेते, सुदूर पूर्वेतले सौदे बघते, आणि शेवटी आकडा स्वतः ठरवते. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, "काय द्याल?" आणि मग पाटीवर स्वतःच्या मनाने लिहितो. पाटी एका दुकानाची, पण आखातातले शेजारचे दुकानदारही तिच्याकडे बघूनच आपली पाटी लिहितात आणि सुएझच्या पूर्वेकडचा बराचसा व्यापार तिच्या आगेमागे चालतो.

दुसरं गाव टेक्सासमधलं माँट बेल्व्ह्यू. ह्यूस्टनच्या पूर्वेला जमिनीखाली मिठाचा एक प्रचंड घुमट आहे. त्या मिठात पाणी सोडून पोकळ्या करतात आणि त्यांत गॅस साठवतात. काढायचा असला की खारं पाणी आत सोडून गॅस वर ढकलतात. चहूकडच्या पाइपलाइन तिथे येऊन मिळतात. अनेक विकणारे, अनेक घेणारे, रोजचा सौदा, रोजचा भाव, तोही गॅलनला सेंटमध्ये. (प्रोपेनच्या एका टनात साधारण ५२१ गॅलन बसतात. हा आकडा डोक्यात ठेवला की तिकडचा भाव चुटकीसरशी टनात करता येतो.) इथे एका कंपनीच्या मनावर काही नाही. पण म्हणून हा भाव साधुसंत आहे असंही नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मक्याचं पीक ओलं निघालं तर ते सुकवायला प्रोपेन लागतं, थंडी कडक पडली तर घरं गरम करायला लागतं, आणि भाव उसळतो.

या दोन गावांच्या मध्ये समुद्र आहे, आणि खरी गंमत समुद्रात आहे. एलपीजी वाहणारं मोठं जहाज एका खेपेला सुमारे ४५ हजार टन गॅस नेतं. आपल्या लाल टाक्यांत मोजायचं तर ३१ लाखांहून जास्त टाक्या. रास तनुराहून जपानच्या चिबा बंदरापर्यंतचं भाडं लंडनचं बाल्टिक एक्स्चेंज रोज जाहीर करतं, ह्यूस्टनहून चिबापर्यंतचंही. जपानमध्ये पोहोचलेल्या मालाचा भाव आर्गस ही संस्था काढते. टेक्सासचा भाव, अधिक बंदरावर भरायची फी, अधिक जहाजाचं भाडं, ही बेरीज जपानच्या भावापेक्षा कमी भरली की व्यापारी जहाज सोडतो. जास्त भरली की ठरलेला सौदा रद्द करून दंड भरतो, तेवढंच स्वस्त पडतं म्हणून.

या बेरजेत भाड्याचं कलम किती उधळू शकतं याचं एक उदाहरण विसरण्यासारखं नाही. २०२३ मध्ये पनामात पाऊस कमी झाला. कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गाटुन तलावाची पातळी घसरली, रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी केली गेली, आणि रांगेतून पुढे जाण्याच्या जागेचे लिलाव चढत गेले. त्या नोव्हेंबरमध्ये एका गॅसवाहू जहाजासाठी जपानच्या एनिओस कंपनीने जवळपास ४० लाख डॉलर मोजले, तेही नेहमीच्या टोलच्या वर. जहाजातल्या मालावर वाटले तर टनाला ९० डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या एका टाकीला शंभर रुपये. मध्य अमेरिकेतल्या एका तळ्यात पाणी कमी, म्हणून! असल्या गोष्टी वाचल्या की 'बाजार' या शब्दाबद्दल थोडी नम्रता येते.

आता आपल्याकडे वळू. भारत वर्षाला ३१० लाख टनांच्या आसपास एलपीजी जाळतो. त्यातला साधारण ६० टक्के आयात होतो आणि आयातीतला बहुतेक सगळा २०२५ पर्यंत आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत होता. जास्त जाळण्यात आपला नंबर जगात दुसरा, आयातीतही दुसरा. पहिला दोन्हीकडे चीन. पण चीनचं बरंचसं प्रोपेन कारखान्यांत प्लास्टिकचा कच्चा माल बनवायला जातं. भाव चढला तर ते कारखाने काही दिवस बंद ठेवता येतात. आपली खरेदी मुख्यतः शेगडीसाठी आहे, आणि शेगडी बंद ठेवता येत नाही. बाजारात सर्वांत अडलेलं गिऱ्हाईक कोण असेल तर आपण.

आपल्या तेल कंपन्यांचा हिशेब असा: ब्युटेन ६० टक्के आणि प्रोपेन ४० टक्के धरून सौदी सीपीची सरासरी काढायची, त्यावर जहाजाचं भाडं, विमा, बंदराचा खर्च घालायचा. याला आयात-समतुल्य भाव म्हणतात. पुढे बॉटलिंग, देशातली वाहतूक, वितरकाचं कमिशन, जीएसटी. ब्युटेन जास्त का, तर ते शून्य अंशाच्या जरासं खालीच उकळतं आणि आपल्या हवेत आरामात वायू होऊन शेगडीपर्यंत येतं. थंड देशांना उणे ४२ अंशाला उकळणारं प्रोपेनच लागतं. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे ज्योत मलूल होते आणि लोक गॅसवाल्याला शिव्या घालतात, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसतो, ब्युटेनचा असतो.

इथवरचं सूत्र समजण्यासारखं आहे. आता त्या रविवारी मी मांडलेला हिशेब. यात भाडं, बॉटलिंग, कमिशन काही धरलेलं नाही. फक्त रास तनुराच्या धक्क्यावर १४.२ किलो गॅसची किंमत किती, ती त्या वेळच्या रुपयात. समोर त्यानंतरच्या महिन्यातला मुंबईतला बिगर-अनुदानित टाकीचा भाव.

एप्रिल २०२०. कोविडने जग बंद. सीपीची सरासरी २३६ डॉलर. टाकीतल्या गॅसची किंमत २५५ रुपये. मुंबईत मे महिन्यात टाकी ५७९ रुपयांना.

एप्रिल २०२२. युक्रेन युद्ध पेटलेलं. सरासरी ९५२ डॉलर. टाकीतला गॅसच १,०२७ रुपयांचा. मुंबईत मेमध्ये टाकी हजाराच्या घरात.

जुलै २०२३. सरासरी घसरून ३८५ डॉलर. गॅस ४४८ रुपयांचा. मुंबईत टाकी १,१०२ रुपये ५० पैसे!

फेब्रुवारी २०२५. सरासरी ६२९ डॉलर. गॅस ७७७ रुपयांचा. मुंबईत मार्चमध्ये टाकी ८०२ रुपये ५० पैसे.

हे चार आकडे एकाखाली एक लिहून बघा. गॅस ४४८ रुपयांचा असताना आपण अकराशे मोजत होतो आणि गॅस ७७७ रुपयांचा झाला तेव्हा आठशे. मधल्या खर्चाचा फरक एकदा ३२४ रुपये, एकदा उणे, एकदा साडेसहाशे आणि एकदा पंचवीस. बॉटलिंगचा खर्च आणि वितरकाचं कमिशन असं नाचत नाही. मग नाचतं कोण?

तारखा बघितल्या की उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. ३० ऑगस्ट २०२३, राखी पौर्णिमा: २०० रुपये कमी. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगडच्या निवडणुका अडीच-तीन महिन्यांवर. ८ मार्च २०२४, महिला दिन: आणखी १०० कमी. लोकसभेचा कार्यक्रम १६ मार्चला जाहीर झाला. मतदान उरकल्यावर दहा महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, ५० रुपये वाढ. हे एकाच पक्षाचं वैशिष्ट्य समजू नये. अनुदानित टाक्या वर्षाला सहा असं सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या सरकारने ठरवलं, जानेवारी २०१३ मध्ये सहाच्या नऊ झाल्या आणि २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर नऊच्या बारा. राजस्थानात ५०० रुपयांची टाकी निवडणुकीच्या वर्षात आली. महाराष्ट्रात वर्षाला तीन मोफत टाक्यांची अन्नपूर्णा योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात झालं. वहिनींचं निरीक्षण पक्षनिरपेक्ष आहे.

तेल कंपन्यांची बाजू ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. त्या म्हणतात, २०२२ मध्ये गॅस महाग असताना आम्ही तोटा सोसून विकला, तो २०२३ मध्ये भरून काढला. २०२५ मध्ये पुन्हा तोटा. ग्राहकाला धक्के बसू नयेत म्हणून आम्ही उशीसारखे मध्ये उभे राहिलो. कल्पना वाईट नाही. फेब्रुवारी ते मार्च २०२० एवढ्याच काळात सीपी सत्तरेक डॉलरने पडलेला, आणि एप्रिलमध्ये आणखी दोनशेने. असा भाव जसाच्या तसा घरात सोडला तर महिन्याचं बजेट बांधणं अशक्य होईल. उशी हवीच. माझी तक्रार उशीबद्दल नाही. ती कधी फुगवायची आणि कधी दाबायची याचा नियम जाहीर नाही, ही तक्रार आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना तोट्यापोटी सरकारी तिजोरीतून २२ हजार कोटी रुपये दिले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी मंजूर झाले. म्हणजे जुना तोटा थोडा करदात्याने भरला, थोडा २०२३ च्या उन्हाळ्यात ग्राहकाने भरला. दोघेही आपणच. कोणी किती भरला याची एकत्र वही तुमच्या-माझ्यासमोर येत नाही.

आणि 'तोटा' मोजतात कसा, हेही बघायला हवं. देशात लागणाऱ्या एलपीजीतला ४० टक्क्यांच्या आसपास इथेच तयार होतो. माहूलच्या रिफायनरीत निघालेला गॅस चेंबूरच्या घरात जाईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नसतो. तरी सूत्रात त्याचा भाव धरताना तो रास तनुराहून जहाजात बसून, विमा उतरवून, बंदरावर हमाली देऊन आला असं मानतात. अर्थशास्त्री याचं समर्थन करतात: तो गॅस तुम्ही वापरला नसता तर बाहेरून आणावाच लागला असता, म्हणून त्याची खरी किंमत आयातीइतकीच. पुस्तकात हे बरोबर आहे. पण पुस्तकातच पुढे असंही असतं, की ज्याला विकायला दुसरा दरवाजा आहे त्यालाच हा युक्तिवाद शोभतो. देशातल्या गॅसला तो दरवाजा नाही. तो सरकारी आदेशाने आधी घरगुती ग्राहकालाच द्यायचा असतो. पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत २००६ मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर निव्वळ आयात-समतुल्य भाव सोडून आयात-निर्यातीचा मिश्र भाव धरायला सुरुवात झाली. गॅसच्या टाकीला तेवढीही सूट मिळाली नाही. कधीच न झालेल्या प्रवासाचं भाडं तोट्यात धरायचं आणि त्याची भरपाई मागायची, याला आमच्या आजोळी 'न जेवता ढेकर' म्हणत.

आता बाहेरची बाजू. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या सरकारी तेल कंपन्यांनी अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्याहून २०२६ सालासाठी २२ लाख टन एलपीजी घेण्याचा करार केला. आपल्या आयातीच्या साधारण दहा टक्के, आणि भाव माँट बेल्व्ह्यूच्या आधारावर. अमेरिकेने लावलेल्या आयातशुल्काच्या वाटाघाटी तेव्हा चालू होत्या, त्यामुळे अनेकांनी याकडे राजकीय नजराणा म्हणून पाहिलं. नजराणा असेलही. पण व्यापाराच्या दृष्टीने ही गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे, असं माझं मत आहे, आणि ते गॅस स्वस्त मिळेल म्हणून नाही. स्वस्त मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आखातातून जहाज आठवड्याच्या आत मुंबईच्या किनाऱ्याला लागतं. टेक्सासहून आफ्रिकेला वळसा घालून यायचं तर महिन्याहून बराच जास्त काळ. भाडं चढलं की सगळा फायदा समुद्रात बुडतो.

फायदा दुसरा आहे. ज्याच्याकडे दुसऱ्या दुकानाची पिशवी हातात आहे, त्याच्याशी पहिला दुकानदार नीट बोलतो. जपानने हे आपल्या आधी दहा वर्षं केलं. एके काळी जपानचा बहुतेक गॅस आखातातून येत होता. शेल गॅस आला, २०१६ मध्ये पनामाचा कालवा रुंद झाला, आणि जपानी कंपन्यांनी टेक्सासच्या भावाला बांधलेले दीर्घ मुदतीचे करार केले. आज त्यांचा निम्म्याहून जास्त गॅस अमेरिकेचा आहे. कालव्याला चाळीस लाख डॉलर मोजायची वेळ त्यांच्यावरच आली हे खरं. पण होर्मुझमध्ये तोफ वाजली तर त्यांच्या चुली विझणार नाहीत, हेही खरं. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्धाच्या बारा दिवसांत आपल्या पेट्रोलियम खात्यात कोणाला झोप लागली असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दुकानापेक्षाही मोठी उणीव आहे ती कोठीची. आपल्याकडची आजी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवायची, कारण तेव्हा ते स्वस्त असायचं. गॅसचंही तसंच आहे. उत्तरेकडच्या देशांत थंडी पडली की भाव चढतो, उन्हाळ्यात उतरतो. आपली शेगडी मात्र बाराही महिने सारखीच पेटते. म्हणजे उन्हाळ्यात भरून ठेवायला आपल्याइतकं योग्य गिऱ्हाईक नाही. पण ठेवणार कुठे? खडकात खोदलेल्या आपल्या दोन मोठ्या कोठ्या, विशाखापट्टणमची ६० हजार टनांची आणि मंगळूरची ८० हजार टनांची. दोन्ही तोंडोतोंड भरल्या तरी १ लाख ४० हजार टन. देश रोज सुमारे ८५ हजार टन जाळतो. दोन दिवसही पुरत नाही. बंदरांवरच्या आणि बॉटलिंग प्लांटच्या टाक्या धरल्या तर दिवस वाढतात, पण तो चालू धंद्याचा माल. उतरला की उरणहून चाकण-शिक्रापूरच्या पाइपलाइनमध्ये, तिथून पुण्याच्या घरात. त्याला साठा म्हणणं म्हणजे पाकिटातल्या नोटांना ठेव म्हणण्यासारखं. जपानमध्ये खासगी आयातदारांवर ४० दिवसांचा साठा ठेवण्याचं कायद्याचं बंधन आहे, आणि कुराशिकी, नामिकाता इथे ग्रॅनाइटच्या पोटात सरकारचा साठा आहे तो वेगळाच. कच्च्या तेलाच्या साठ्यासाठी आपण स्वतंत्र सरकारी कंपनी काढली, विशाखापट्टणम, मंगळूर, पादूरला गुहा खोदल्या. गॅससाठी तशी निकड कोणाला वाटली नाही. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीत कातळाला तोटा नाही, पण तिकडे रिफायनरी नको-हवी या वादातच दहा वर्षं गेली, आणि गॅसच्या कोठीचं नाव आज काढलं तर तेही त्याच वादात भरडलं जाईल. लोकांचा अविश्वास निराधार आहे असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करता येण्यासारखी आहे, आणि तिला कातळ फोडावा लागत नाही. निळ्या टाकीचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, आणि त्यामुळे देश बुडालेला नाही. लाल टाकीला तेवढी लवचीकता नको. पण मागच्या तीन किंवा सहा महिन्यांच्या सरासरीवर, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या सूत्राने भाव बदलेल असा नियम करता येतो. सरकारला भाव खाली ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, पण फरक त्याच दिवशी अर्थसंकल्पाच्या खात्यात लिहावा; दोन वर्षांनी कंपन्यांना एकरकमी भरपाई देऊन नव्हे. गरिबाला द्यायचं ते थेट द्यावं. उज्ज्वला योजनेतल्या साडेदहा कोटींच्या आसपास कुटुंबांना टाकीमागे ३०० रुपये मिळतात तेच बघा: २०१९-२० मध्ये ही कुटुंबं वर्षाला सरासरी तीन टाक्या घेत होती, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. अनुदानाने चूल बदलते, हे दिसतंय. पण २०२५-२६ मध्ये अनुदानित टाक्यांची मर्यादा बारावरून नऊवर आणली, तीही गुपचूप म्हणावी अशा आवाजात. साडेचार घेणाऱ्याला नऊची मर्यादा लागत नाही, असा त्यावरचा खुलासा असू शकतो. असेल. पण मग बारा लिहून ठेवायला काय हरकत होती?

या सगळ्याला एक आक्षेप मला माहीत आहे. भाव नियमाने बदलू लागला तर महागाईच्या महिन्यात बाराशेची टाकी लोकांना सोसणार नाही, मोर्चे निघतील, नियम पहिल्याच फटक्यात गुंडाळला जाईल. डिझेलचं बघा, रोज बदलणारा भाव निवडणुकीच्या काळात महिनोन्‌महिने न बदलता राहिलेला आपण पाहिला आहे. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. एवढंच म्हणतो, की नियम मोडला गेला हे दिसण्यासाठी आधी नियम असावा लागतो. आज तो नसल्याने ४४८ रुपयांचा गॅस अकराशेला विकला गेला तेव्हा एकही मोर्चा निघाला नाही; कोणाला ठाऊकच नव्हतं.

आणि आता त्यात एक नवा पेच आहे. २०२६ सालात आयातीचा दहावा हिस्सा टेक्सासच्या भावाने यायचं ठरलं. आपलं सूत्र मात्र सौदीच्या ६०:४० वर उभं. टेक्सासचा माल भाड्यासह सौदीपेक्षा स्वस्त पडला तर ती बचत कोणाची, आणि महाग पडला तर तो 'तोटा' कोणत्या आकड्यावरून मोजायचा? २२ लाख टन म्हणजे साडेपंधरा कोटी टाक्या. टनामागे नुसता पन्नास डॉलरचा फरक पडला तरी टाकीला साठ रुपये होतात. ते साठ रुपये कुठल्या खात्यावर लिहायचे हे कागदावर यायला हवं.